निवृत्तिवेतनाचा भार कोणावर?

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावात, जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत शिकविणाऱ्या दोन शिक्षकांचे उत्तरायुष्य नेमणुकीच्या तारखेने वेगळे ठरू शकते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेल्यास अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. ते चालू महसुलातून दिले जाते. त्यासाठी वेगळा निधी साठविलेला नसतो. त्यानंतरच्या शिक्षकाच्या वेतनातून दहा टक्के, शासनाकडून चौदा टक्के रक्कम निधीत जमा होते; मात्र बाजार घसरल्यास झळ शिक्षकासच पोहोचते. मार्च २०२३ च्या संपाचे मूळ येथेच होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर निम्म्या वेतनाची हमी तीत आहे. हमी आली, की तूट तिजोरीनेच भरावयाची. आणि आयुर्मान वाढत असता ही जोखीम लहान नव्हे. केंद्राने आपला हिस्सा साडेअठरा टक्क्यांवर नेला, तो याच कारणास्तव.