‘न जाणो’ इंग्रजीत कसे म्हणावे?



वसतिगृहातील मुलांना इंग्रजी शिकवताना ‘इफ’ आणि ‘इन केस’ यांना मी नेहमी जास्त वेळ देते. मुले दोन्हींचा अर्थ ‘जर’ असाच सांगतात आणि तिथेच घोटाळा होतो.

‘आय विल टेक ॲन अम्ब्रेला इफ इट रेन्स’ म्हणजे पाऊस आला तरच छत्री घेईन. तोवर ती खुंटीवर. ‘आय विल टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे छत्री आताच घेऊन निघते. न जाणो, पाऊस आला तर! आपल्या मराठीतले हे ‘न जाणो’ म्हणजेच ‘इन केस’. एवढे सांगितले की पुढे समजवायला फारसे उरत नाही.

आपल्यापैकी काही जण आरोग्य शिबिरांसाठी इंग्रजीत सूचना लिहून देतात, त्यांनी हे जरूर पाहावे. ‘गिव्ह द टॅब्लेट इफ द चाइल्ड हॅज अ फीवर’: ताप असेल तर गोळी द्या. इथे ‘इफ’च्या जागी ‘इन केस’ आले, तर वाचणारा ताप नसतानाही, खबरदारी म्हणून, गोळी देऊ शकेल. ‘कीप ओआरएस ॲट होम इन केस द चाइल्ड गेट्स डायरिया’ हे मात्र बरोबर, कारण पुडी आधीच घरात हवी. अमेरिकेत काही लोक ‘इन केस’ हे ‘इफ’च्या अर्थानेही वापरतात. म्हणून औषधाच्या मात्रेपाशी ‘इन केस’ नकोच, असे माझे मत.

‘इन केस ऑफ’ निराळे. त्यापुढे नाम येते आणि पाट्यांवर अर्थ होतो ‘झाल्यास’: ‘इन केस ऑफ फायर’, आग लागल्यास.

‘इन केस’नंतर ‘विल’ घालू नये. गोष्ट उद्याची असली तरी ‘इन केस ही कम्स’ असेच म्हणावे.

‘लेस्ट’ हा जुना शब्द १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये अनेकदा भेटतो. ‘होल्ड हिज हँड लेस्ट ही फॉल’: तो पडू नये म्हणून हात धरा. मराठीतल्या ‘नये’मुळे आपल्याला तिथे ‘नॉट’ घालावासा वाटतो. घालू नका; नकार ‘लेस्ट’च्या पोटातच आहे.

घरच्या मुलांना हा सराव द्या. ‘कंदिलात तेल भरून ठेव, न जाणो वीज गेली तर’: ‘फिल द लॅम्प इन केस द पॉवर गोज आउट.’ आता ‘वीज गेली तर कंदील लाव’ याचे इंग्रजी त्यांनाच करू द्या.