मार्केटिंगवाल्याचं स्वतःचं प्रोफाइल: पहिल्या शनिवारची कृती

दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी रोज चार कॅप्शन लिहिणाऱ्याचं स्वतःचं लिंक्डइन प्रोफाइल उघडलं की बहुतेकदा दिव्याखाली अंधार दिसतो. फोटो कॉलेजच्या गॅदरिंगमधला, हुद्दा मागच्या नोकरीतला आणि शेवटची पोस्ट म्हणजे कंपनीच्या दिवाळी शुभेच्छा. एक मोकळा शनिवार मिळाला तर हे सगळं मार्गी लागतं. इन्स्टाग्रामवरही कामं मिळतात, नाही असं नाही. पण पगाराची नोकरी, एजन्सीचं रीटेनर किंवा एखाद्या कारखानदाराचं काम हवं असेल तर समोरचा माणूस तुमचं नाव आधी लिंक्डइनवर टाकून बघतो. 2003 साली सुरू झाल्यापासून त्या जागेचा धंदाच नोकरी आणि ओळखी हा आहे.

बसताना एक कसोटी ठरवून घ्या: जी ओळ लिहाल तिच्यावर कोणी प्रश्न विचारला तर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर ती ओळ खोडायची.

आधी कागद

लॅपटॉप उघडू नका, वही घ्या. गेल्या दोन-तीन वर्षांतली कामं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी मांडा: अडचण काय होती, मी स्वतः काय केलं, काय बदललं. यातल्या ‘स्वतः’पाशी जरा थांबावं लागतं, कारण आमच्या धंद्यात चाललेल्या कॅम्पेनला पाच बाप असतात. जाहिरातींचं बजेट दुसऱ्याने सांभाळलं आणि तुम्ही कॉपी लिहिली, तर कॉपी लिहिली एवढंच म्हणा. मुलाखत घेणारा याच धंद्यातला असतो, दुसऱ्याच प्रश्नाला त्याला कळतं.

क्लायंटचे आकडे मात्र तुमचे नसतात. जाहिरातीवरचा खर्च, एका लीडची किंमत, विक्री हे बहुतेक करारांत गोपनीयतेच्या कलमाखाली येतं. परवानगी मिळाली तर उत्तम, नाही तर नाव आणि आकडा दोन्ही वगळून कामाचं स्वरूप सांगा. तेही बेताने. ‘तासगावातली द्राक्ष निर्यात करणारी कंपनी’ असं लिहिलंत की त्या भागातला माणूस नाव बरोबर ओळखतो. गाव आणि माल दोन्ही सांगितल्यावर नाव झाकून काय उपयोग? ‘शेतमाल निर्यातीतला क्लायंट’ पुरे.

खातं नीट बांधून घ्या

मुख्य ईमेल म्हणून स्वतःचा पत्ता द्या, ऑफिसचा नको. नोकरी सुटते त्या दिवशी ऑफिसचा ईमेल बंद होतो आणि पासवर्ड बदलायचा कोड त्याच बंद पत्त्यावर जात राहतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती काम संपेपर्यंत बंद ठेवा. नाही तर हुद्द्यातलं एक स्पेलिंग सुधाराल आणि दिवसभर ‘अभिनंदन’ येत राहील, त्यात बॉसचंही. प्रोफाइलच्या लिंकमधलं नावापुढचं आकड्यांचं शेपूटही काढून टाकता येतं. व्हिजिटिंग कार्डावर ती लिंक छापायची असेल तर एवढं आधीच करून घ्या.

फोटोत वेळ घालवू नका. चेहरा नीट दिसेल, उजेड समोरून येईल आणि गोल चौकटीत कान कापले जाणार नाहीत एवढं पाहा. बॅनर 1584 गुणिले 396 पिक्सेलचा असतो. त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर तुमचा फोटो बसतो, म्हणून मजकूर उजवीकडे ठेवा. बॅनर काही सुचला नाही तर एकरंगी ठेवा, कोणाचं अडत नाही.

हेडलाइन

इथे हवा तेवढा वेळ द्या. नावाखालची ही ओळ तुमच्याबरोबर सगळीकडे फिरते: सर्चमध्ये, दुसऱ्याच्या पोस्टखालच्या तुमच्या कमेंटवर, कनेक्शनच्या विनंतीत. जागा 220 अक्षरांची, पण मोबाइलवर सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, म्हणून कामाचे शब्द आधी आले पाहिजेत.

एक हेडलाइन घेऊ. ‘डिजिटल मार्केटिंग एन्थुझिअ‍ॅस्ट, स्टोरीटेलर, ग्रोथ हॅकर, चहाप्रेमी’. यातला ‘डिजिटल मार्केटिंग’ सोडून एकही शब्द कोणी सर्चमध्ये टाकून माणूस शोधत नाही, आणि चहा तर सगळेच पितात. समजा, हाच माणूस शेती अवजारांच्या कंपनीत डीलर सांभाळतो, गावोगाव डेमो लावतो आणि शेतकऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवतो. मग त्याची ओळ अशी हवी: ‘शेती अवजारांचं डीलर मार्केटिंग, डेमो, मेळावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून लीड, पश्चिम महाराष्ट्र’. दिसायला साधी आहे, पण ट्रॅक्टर कंपनीचा एरिया मॅनेजर वाचता वाचता इथे थांबतो. नवशिक्याने ‘नोकरीच्या शोधात’ यावर ओळ संपवू नये. ज्या कामाचा सराव केलाय तेच लिहावं, मग ते कॉलेजच्या फेस्टसाठी चालवलेल्या जाहिराती का असेनात.

इंग्रजीत की मराठीत? भरती करणारे इंग्रजीत शोधतात, त्यामुळे मूळ प्रोफाइल इंग्रजीतच ठेवावं. पण लिंक्डइनवर दुसऱ्या भाषेतलं प्रोफाइल जोडता येतं. तुमचं काम मराठी कॉपी, ग्रामीण बाजारपेठ किंवा स्थानिक दुकानदारांचं असेल तर मराठी प्रोफाइल हाच कामाचा नमुना ठरतो. त्यात ऱ्हस्वदीर्घाची चूक राहिली तर मात्र ‘मराठी कंटेंट रायटर’ हा दावा पहिल्याच ओळीत कोसळतो. कोणाकडून तरी तपासून घ्या.

‘अबाउट’ आणि अनुभव

अबाउटला 2600 अक्षरं मिळतात, निम्मी वापरली तरी भरपूर. ‘आणखी वाचा’च्या आधी पहिल्या तीनेक ओळीच दिसतात. त्यात जन्मगाव, आवड आणि ‘लहानपणापासून मला’ नको. कोणासाठी काय करता ते सांगा. खाली वहीतली दोन कामं लिहा आणि शेवटी संपर्क कसा साधायचा ते. प्रथमपुरुषी लिहा. स्वतःबद्दल ‘त्यांनी’ असं लिहिलेलं वाचलं की सत्कार समारंभातलं निवेदन ऐकल्यासारखं वाटतं.

अनुभव भरताना कंपनीचं नाव टाइप केल्यावर खाली येणाऱ्या यादीतून निवडा, म्हणजे लोगो येतो. कंपनीचं पानच नसेल तर करडा चौकोन राहू द्या. जबाबदाऱ्यांची जंत्री नको, वहीतलं तिसरं सदर इथे उतरवा.

‘फीचर्ड’मध्ये तीन गोष्टी पुरतात: एखादी जाहिरात, एखादा लेख, एखाद्या कामाची छोटी पीडीएफ. शिफारस मागताना ‘माझ्याबद्दल चार शब्द लिहा’ म्हणू नका, समोरचा माणूस अडतो. ‘गणपतीच्या सीझनला आपण जे लाँच केलं, त्यातल्या माझ्या कामाबद्दल लिहाल का?’ असं विचारलं की सरही दोन दिवसांत लिहून देतात.

नोकरी शोधत असाल तर ‘ओपन टू वर्क’चा पर्याय समजून घ्या. हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते. फक्त रिक्रूटर्सना दिसेल असंही करता येतं, पण तुमच्याच कंपनीच्या एचआरला ते अजिबात कळणार नाही याची हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही.

ओळखी आणि पहिल्या पोस्ट

फोनमधले सगळे संपर्क अपलोड करू नका. गॅसवाल्यापासून भाचीच्या शाळेपर्यंत सगळ्यांना विनंती जायची. जुने सहकारी, वर्गमित्र, व्हेंडर, छापखानावाले, क्लायंटकडची माणसं यांच्यापासून सुरुवात करा. अनोळखी माणसाला विनंतीबरोबर दोन ओळींची चिठ्ठी जोडा. फुकटच्या खात्यात अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात, त्या जपून वापरा.

पोस्टआधी काही दिवस कमेंट करा, तीही ‘छान लिहिलंय सर’च्या पलीकडची. मग पहिली पोस्ट. ‘आजपासून मी इथे लिहिणार आहे’ अशी घोषणा करू नका. वहीतलं सगळ्यात लहान काम उचला: कोणती ओळ बदलली, का बदलली, काय झालं. पोस्टला 3000 अक्षरांची मुभा आहे, पण फीडमध्ये पहिल्या दोन-तीन ओळींवरच माणूस ठरवतो. सणासुदीला स्वतःच्या फोटोसकट शुभेच्छांचं क्रिएटिव्ह टाकायचा मोह आवरा. ते काम नगरसेवक उत्तम करतात.

स्वतःच्या कंपनीच्या मालाबद्दल लिहाल तेव्हा आपण तिथे नोकरीला आहोत हे पोस्टमध्येच सांगा. एएससीआय, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी मुंबईची संस्था, हिच्या 2021 च्या इन्फ्लुएन्सर नियमांत नोकरीचं नातंही उघड करायच्या संबंधांमध्ये धरलं आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या सूचनांचा सूरही तोच आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही लगेच त्यात सापडाल असं नाही, पण मार्केटिंगवाल्याने ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं शोभत नाही.

महिनाभराने अ‍ॅनालिटिक्समधलं ‘सर्च अपिअरन्सेस’ उघडा. किती जणांना तुम्ही दिसलात याच्याबरोबर ते कोणत्या हुद्द्याचे होते, याचीही कल्पना तिथे येते. तुम्हाला ब्रँड मॅनेजर हवे होते आणि यादीत विमा एजंट व कोर्स विकणारे दिसत असतील, तर पोस्टचा वेग वाढवू नका, हेडलाइनमधले पहिले चार शब्द बदला आणि आणखी महिनाभर थांबा.