कारवानीची पिल्लं विकायची? आधी घरं मोजा



गेल्या महिन्याभरात चार सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, कारवानी कुत्री पाळून पिल्लं विकली तर जोडधंदा होतो का?" मी शेतकी पदविका केलेला माणूस, जनावरांचा डॉक्टर नाही. पण आमच्या घरी कारवानी लहानपणापासून आहे, आणि एक वेत मी स्वतः बिघडवलेलं आहे. म्हणून आज तुरी-कांद्याऐवजी हा विषय. मेसेज मोठा आहे, सवडीनं वाचा.

आपण जिला कारवानी म्हणतो तीच विजापूरच्या पलीकडे, बागलकोट जिल्ह्यात मुधोळ म्हणून ओळखली जाते. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. आज तिथं तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. 2016 मध्ये या जातीची पिल्लं लष्कराच्या मेरठ केंद्रात प्रशिक्षणाला गेली. ऑगस्ट 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं आणि जात सगळीकडे माहीत झाली. नाव झालं की भाव येतो, भाव आला की घाई होते.

*माझी चूक सांगतो*

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमची राणी दहा महिन्यांची, पहिल्यांदाच माजावर आली. चुलत्यांकडे तिच्याच वेतातला भाऊ होता, तोच दाखवला. रक्त शुद्ध राहतं, असं सगळेच म्हणायचे. सहा पिल्लं झाली. दोन मेलेलीच जन्मली. एकाची टाळू फाटलेली होती, ओढलेलं दूध नाकातून यायचं, तिसऱ्या दिवशी गेलं. जवळच्या नात्यातली जोडी लावली की असे दोष जास्त वर येतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

उरलेल्या तिघांतला नर तिसाव्या दिवशी एका मित्राला दिला. लस नाही, जंताचं औषध नाही. पाच दिवसांत रक्ताची हगवण लागून मेला. पार्वो होता. त्याच्या शेजारच्यांची दोन पिल्लंही त्याच आठवड्यात गेली. राहिल्या दोन माद्या. मादी कोणी नेईना. एक आमच्याकडेच वाढली. दुसरी एके सकाळी दिसली नाही. घरातल्याच कुणीतरी तिला सोलापूर रस्त्याला सोडून दिलं होतं. कोणी, ते मी विचारलं नाही.

म्हणून नर दाखवायच्या आधी घरं मोजा. सहा पिल्लं धरा, त्यात तीन माद्या धरा. सहा घरं तयार आहेत का? "बघू की, देऊन टाकू" हे घर नव्हे. मळ्यावर राखणीला कुत्रं लागतंच, आणि राखणीला मादी कुठंही कमी नाही, हे गिऱ्हाइकाला आधी पटवा. आणि पिल्लू परत आलं तर ठेवून घ्यायची तयारी आहे का, ते घरच्यांना विचारा. उत्तर नाही असेल तर कुत्री पाळा, राखणीला ठेवा, डॉक्टरांकडून नसबंदी करून घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

*कायदा*

2017 पासून श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम आहेत. विक्रीसाठी पिल्लं काढायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी किमान 18 महिन्यांची हवी. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे माझ्या राणीच्या वेळी मी जे केलं, त्यातलं जवळजवळ काहीच नियमात बसत नाही.

*जोडी आणि विणं*

नर बघताना नुसती उंची आणि कंबर बघू नका. त्याच्या आई-बापाचं नाव विचारा, आपल्या मादीशी नातं निघतं का बघा. लिंगातून रक्त किंवा स्राव येत असेल तर तो नर नको. भटक्या कुत्र्यांतून संगाने पसरणारी गाठ आपल्याकडे पुष्कळ आढळते, इलाज आहे पण खर्च होतो. ब्रुसेलाची रक्ततपासणी दोघांची करून घ्या, तो आजार माणसालाही लागतो. आणखी एक. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतातच, ती उपाशी नसते. पण अंगात चरबी कमी असल्याने काही भूल देणारी औषधं तिला जड जातात, डॉक्टरांना जात आधीच सांगा.

साधारण 63 दिवसांनी विते. थर्मामीटर घरात ठेवा. नेहमीचा ताप 101 ते 102, तो 99 च्या खाली आला की बहुतेक चोवीस तासांत विते. जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू नाही, दोन पिल्लांत दोन तासांपेक्षा जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव आला तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा.

म्हशीला विल्यावर दुधाचा ज्वर येतो तसा कुत्रीलाही येतो, पिल्लं पीत असताना. थरथरते, पाय ताठ होतात, धापा टाकते. शिरेतून कॅल्शियम लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. यावर उपाय म्हणून गाभणपणीच कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका, त्याने हा त्रास उलट वाढतो.

पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. कोरडं गोणपाट, वाऱ्याचा आडोसा, थंडीत लांबून बल्ब. पहिल्या दिवशीचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे, अशक्त पिल्लाला हाताने सडाला लावा.

आता हिशेब. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला. सहा पिल्लं म्हणजे 24 डोस, आईचे वेगळे. पार्वोची लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, म्हणजे बहुतेक वेळा नव्या मालकाच्या घरी. म्हणून कार्डावर पुढची तारीख लिहून द्या आणि त्या दिवशी फोन करा. तुमच्या दवाखान्यातले दर टाकून गुणाकार करा, आईचा दोन महिन्यांचा वाढीव खुराक मिळवा, मग पिल्लाचा भाव ठरवा. पार्वो झालेल्या जागी नवीन पिल्लं ठेवू नका, तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

शेवटचं, पण काही जणांना कडू लागेल. "ससा धरायला पाहिजे" म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला पिल्लू देऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात सशाची शिकारही गुन्हा आहे, काळविटाचं तर बोलायलाच नको. धावायची हौस मोकळ्या रानात, दोर हातात ठेवून भागवता येते.

नोंदवही कशी आखायची (माजाची तारीख, नराचा मालक, वजनं, लसी, पिल्लू कोणाकडे गेलं) त्याचा फोटो उद्या टाकतो. आपली कंपनी पिल्लांची खरेदी-विक्री करत नाही, तेवढ्यासाठी फोन नको. बाकी काही विचारायचं असेल तर दुपारी दोननंतर. गुरुवारी नेहमीप्रमाणे तुरीचा सल्ला येईल.

- तुमचा कृषी सल्लागार, मैंदर्गी