विमानाच्या मॉडेलवर डिकल नीट का बसत नाही?

सुट्टीत बरीच मुले विमानाची प्लास्टिक किट जोडतात. जोडणी होते, रंगही बरा लागतो, आणि शेवटी पंखावर हवाई दलाचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ बसवताना गडबड होते. किटमध्ये डिकलचा कागद बहुधा एकच असतो. वर्तुळ बिघडलं की मूल रडकुंडीला येतं. पण ओलं असेपर्यंत डिकल बहुतेक वेळा वाचवता येतं.

आधी रचना समजून घेऊ. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पातळ पारदर्शक पापुद्रा आणि छापलेलं चित्र. कोमट पाण्यात २०-३० सेकंद बुडवून बाहेर काढायचं. मिनिटभरात चित्र कागदावरून सरकू लागतं. पाण्यात जास्त वेळ राहिलं तर डिंक धुऊन जातो आणि मग कडा उचलतात.

सर्वांत जास्त तक्रार असते ती चंदेरी झाकेची. नाशिकजवळच्या ओझरला आपल्याकडची मिग-२१ विमानं बनली. त्याचा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मॉडेलमध्ये १० सेंमीपेक्षाही किंचित कमी (हे गणित मुलांनाच करू द्या!). एवढ्याशा पंखावर वर्तुळाभोवती चकाकणारी कड लगेच डोळ्यांत खुपते. कारण असं, की मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. पापुद्रा उंचवट्यांवर टेकतो, खळग्यांत हवा अडकते आणि तिथे प्रकाश विखुरतो. वर्गात दाखवायचं असेल तर दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर सेलोटेप घट्ट चिकटवा. तेवढ्या पट्टीतून पलीकडचं दिसू लागतं, कारण टेपच्या गोंदाने खळगे भरले.

डिकलखालीही हेच घडवायचंय. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात, तो पूर्ण वाळल्यावर डिकल, आणि सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. झाक आधीच आली असेल तर? बारीक सुईने तिथे चार-सहा टोचे मारा आणि ब्रशने डिकल सॉफ्टनर लावा. केशाकर्षणाने तो आत शिरतो. एकदा लावून भागत नाही, वाळू देऊन पुन्हा लावावा लागतो.

सॉफ्टनर लागला की डिकलवर सुरकुत्या पडतात. घाबरू नका, आणि बोट तर अजिबात लावू नका! वाळताना ते आपोआप ताणून बसतं. (इथे मुलांपेक्षा मोठ्यांचाच हात जास्त शिवशिवतो.) काही डिकल मात्र सॉफ्टनरने खराब होतात, म्हणून आधी नको असलेल्या एखाद्या आकड्यावर करून बघा. खिडकी उघडी ठेवा आणि बाटली मोठ्यांकडेच असू द्या.

डिकल स्वतःवरच दुमडलं तर ओढू नका. पुन्हा पाण्यात सोडून मऊ ब्रशने हळूहळू उलगडा.

जुन्या किटची गोष्ट वेगळी. पिवळा पडलेला कागद पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवला की पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात टाकताच तुकडे होत असतील, तर उरलेल्या कागदावर क्लिअर लॅकरचा पातळ थर देऊन एक दिवस वाळवा. मात्र आता सगळ्या कागदावर एकच सलग पापुद्रा तयार झालेला असतो, त्यामुळे प्रत्येक चित्र बुडवण्याआधी अगदी कडेलगत कापून घ्यावं लागतं.