ओरोमियातला मुलगा, सून आणि नातीचे कागद

प्रश्न : मुलगा इथिओपियात, ओरोमियातल्या साखर कारखान्यात पॅनमन आहे. सून आणि चार महिन्यांची नात तिथेच. गोळीबाराच्या बातम्या येतात, व्हॉट्सॲप लागत नाही. काय करू?
— एक वाचक, कागल

उत्तर : दादा, व्हॉट्सॲप बंद म्हणजे काही विपरीत घडलंच, असं धरू नका. जून 2020 च्या अखेरीस गायक हचालू हुंडेसा यांची हत्या झाली, तेव्हा तिथल्या सरकारने जवळपास तीन आठवडे इंटरनेट बंद ठेवलं होतं. साधा फोन, एसएमएस करत राहा.

मला काळजी नातीच्या कागदांची वाटते. जन्म तिकडे झाला असेल, तर अदिस अबाबाच्या भारतीय दूतावासात वर्षाच्या आत नोंद हवी, शिवाय तिचा स्वतंत्र पासपोर्ट. तो नसला, तर रस्ता मोकळा असूनही विमान चुकतं. पासपोर्ट कारखान्याच्या कपाटात नकोत, सुनेच्या पर्समध्ये हवेत. मुलगा-सुनेकडे यलो फीवरच्या लशीचं कार्डही असू द्या. 2023 मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’तून सुदानहून सुटून आलेल्या अनेकांना ते नसल्यामुळे भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहावं लागलं.

तुम्ही इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा. कारखाना मुलाला लगेच सोडत नसेल, तर रस्ते सुरू आहेत तोवर सूनबाई आणि नातीला आधी पाठवायला सांगा.