शिरूर-दौंडचा संघ बास्केटबॉल लीगमध्ये कधी?

प्रश्न : प्रो कबड्डीचा हंगाम दोन-तीन महिने रंगतो. आपल्याकडच्या बास्केटबॉल लीग मात्र काही आठवड्यांत आटोपतात आणि दोन-चार वर्षांत दिसेनाशा होतात. खेळ तर तितकाच वेगवान आहे. मग असे का?
— एक वाचक, शिरूर

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे. २०१५ मध्ये यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. तिच्यात आठ संघ होते आणि त्यांत आपल्या भागातले दोन होते, पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स. २०१७ पर्यंत चार हंगाम झाले आणि लीग थांबली. पुढे भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या पुढाकाराने आयएनबीएल आली. तिच्या २०२३ च्या हंगामात सहा संघ उतरले, मुंबई टायटन्स त्यांपैकी एक. २०२५ मध्ये पंचविशीच्या आतील खेळाडूंसाठी आयएनबीएल प्रो झाली. तिचे सामने दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये भरले.

हंगाम आखूड का, याचे पहिले कारण नोकरी. आपले बहुतेक नामवंत बास्केटबॉलपटू रेल्वे, सेनादल, पोलीस, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा ठिकाणी नोकरीला आहेत. त्यांचे घर या पगारावर चालते. राष्ट्रीय स्पर्धा, फेडरेशन कप आणि भारतीय संघाची शिबिरे सांभाळून उरलेल्या दिवसांत लीग बसवावी लागते, आणि तेवढ्यासाठी कार्यालयातून रजा मिळवावी लागते. नुसत्या लीगच्या मानधनावर वर्ष निघत नाही, तोवर खेळाडू नोकरी सोडणार नाही. त्याने ती सोडूही नये.

दुसरे कारण जागेचे. व्यावसायिक सामन्याला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद लाकडी मैदान, त्यावर छप्पर आणि भोवती बसायला गॅलरी लागते. असे सभागृह वर्षभर हाताशी असलेले संघ आपल्याकडे नाहीत. म्हणून सगळे संघ एका शहरात गोळा करून सामने उरकले जातात. त्यात खर्च वाचतो, पण संघाच्या नावात पुणे असले तरी पुणेकराला तो घरच्या मैदानावर क्वचितच दिसतो. ज्या संघाचा सामना गावात होत नाही, त्याला गाव आपला कसा म्हणणार?

मात्र कबड्डीशी तुलना करताना एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रो कबड्डीचा पहिला हंगाम २६ जुलै ते ३१ ऑगस्ट २०१४ असा जेमतेम पाच आठवड्यांचा होता, संघ आठ होते. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले, तो दहावा हंगाम. तेव्हा संघ बारा झाले होते आणि स्पर्धा डिसेंबरपासून सुरू होती. लीग वाढली, कारण तिच्यामागे दूरचित्रवाहिनीचा पैसा उभा राहिला आणि ती वर्षानुवर्षे खेळवली गेली. शिवाय कबड्डीचे मैदान शिरूर तालुक्यातल्या मुलाच्या पायाखालीच होते.

प्रश्न : दौंडसारख्या तालुक्याच्या गावाचा संघ व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये उतरणे कधी शक्य आहे का?
— एक वाचक, दौंड

उत्तर : हा प्रश्न स्वप्नाळू वाटेल, पण आज बास्केटबॉलच्या जगात सर्वांत श्रीमंत असलेल्या अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये एके काळी अशाच गावांचे संघ होते.

ती लीग १९४६ मध्ये बीएए या नावाने अकरा संघांनिशी सुरू झाली. काढणारे बहुतेक जण आईस हॉकीच्या स्टेडियमचे मालक होते. हॉकीचा सामना नसेल त्या रात्री स्टेडियम रिकामे पडू नये, एवढीच त्यांची गरज होती. १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरांटोत पहिला सामना झाला. न्यूयॉर्कने टोरांटोला ६८-६६ असे हरवले. पहिला हंगाम संपल्यावर टोरांटोसह चार संघ बंद पडले.

१९४९ मध्ये एनबीएल ही जुनी लीग हिच्यात मिसळली आणि एनबीए हे नाव आले. त्या हंगामात संघ होते सतरा. त्यांत विस्कॉन्सिन राज्यातले शेबॉयगन होते, वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. अँडरसन आणि वॉटरलू हीसुद्धा अशीच गावे. फोर्ट वेनचा पिस्टन्स संघ तर पिस्टन बनवणाऱ्या झोल्नर कारखान्याचा होता, म्हणून ते नाव. कुरकुंभ किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने स्वतःचा संघ काढावा, तसेच ते होते.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. छोट्या सभागृहाच्या तिकिटांत लांबच्या प्रवासाचा आणि पगारांचा खर्च निघेना. एका वर्षात सतराचे अकरा संघ उरले. शेबॉयगन, अँडरसन आणि वॉटरलू तिघेही बाहेर पडले. फोर्ट वेनचा संघ १९५७ मध्ये डेट्रॉइटला गेला, नाव मात्र पिस्टन्सच राहिले.

खेळसुद्धा तेव्हा कंटाळवाणा होऊ लागला होता. आघाडी घेतलेला संघ चेंडू धरून बसे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनिआपोलिसला हरवले ते १९-१८ अशा गुणांनी. १९५४ मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने नियम आला की चोवीस सेकंदांत बास्केटच्या दिशेने चेंडू टाकलाच पाहिजे. त्या हंगामात संघ फक्त आठ राहिले होते. लीग वाचली ती या नियमानंतर. म्हणजे एनबीएलाही जम बसवायला आठ-दहा वर्षे लागली.

फिलिपिन्सने दुसरी वाट काढली. तिथली पीबीए ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग १९७५ मध्ये नऊ संघांनी सुरू केली. संघांना शहरांची नव्हे, कंपन्यांची नावे होती. घरचे मैदान नसले तरी कंपनीचा पगार नियमित मिळे आणि लीग दरवर्षी होई. ती आजही चालू आहे.

यावरून दौंडसाठी माझे स्पष्ट मत असे : शहरांच्या लीगमध्ये दौंडचा संघ उभा राहिला तरी टिकणार नाही, कारण शेबॉयगनचे गणित इथेही तेच आहे. पण दौंडमध्ये रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, कुरकुंभला कारखाने आहेत. शिरूरजवळ रांजणगाव आहे. या सगळ्यांचे संघ मिळून तालुक्यांची कायमची वार्षिक स्पर्धा भरवणे पूर्ण शक्य आहे. मोठ्या लीगला खेळाडू अशाच स्पर्धांतून मिळतात.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला बास्केटबॉलची आवड आहे, पण गावात प्रशिक्षक नाही आणि तिची उंचीही बेताची आहे. तिने पुढे जायचे कसे?
— एक पालक, शिरूर तालुका

उत्तर : उंचीची काळजी आधी बाजूला ठेवा. पाच फूट तीन इंचांचा मगसी बोग्ज एनबीएत चौदा हंगाम खेळला. चेंडू पुढे नेणाऱ्या गार्डला वेग, नजर आणि दोन्ही हातांनी ड्रिबल करण्याची सवय लागते. हे तिन्ही सरावाने येते.

मुलींसाठी या खेळात सर्वांत भक्कम वाट रेल्वेची आहे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांवर रेल्वेच्या संघाचे वर्चस्व आहे. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनच खेळते आणि तिने भारताचे नेतृत्व केले आहे. महाराष्ट्रात या खेळाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या नागपाड्यातल्या साध्या वस्तीतून आलेल्या अब्बास मुंतसिर यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला होता.

सुरुवात शाळेपासून करा. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. शाळेने संघाची नोंद केली तर पाच-सहा मैत्रिणींसह मुलगी जिल्ह्यापर्यंत पोहोचू शकते. उत्तम कामगिरी करणाऱ्यांना दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणही आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बास्केटबॉलची जुनी परंपरा आहे. सुट्टीत तिथे किंवा अशा एखाद्या क्लबमध्ये प्रशिक्षण मिळते का, ते विचारा.

पूर्ण मैदान नसेल तर तीन-तीन खेळाडूंचा बास्केटबॉल खेळा. त्याला एकच रिंग आणि १५ बाय ११ मीटर जागा पुरते. दहा मिनिटांत किंवा एखाद्या संघाचे २१ गुण होताच सामना संपतो. टोकियोपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे. ३.०५ मीटर उंचीवर एक मजबूत रिंग आणि खाली सपाट सिमेंटची जागा, एवढा खर्च एखादी शाळा, ग्रामपंचायत किंवा कारखान्याचा सामाजिक निधी सहज उचलू शकतो.

तेव्हा शिरूर-दौंडच्या पालकांना, मुख्याध्यापकांना आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनाला माझी विनंती आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षाआधी आपल्या शाळेच्या आवारात एक रिंग उभारा आणि मुलींचा एक संघ नोंदवा.