खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात का?

लेख पुढे वाचण्याआधी अर्ध्या मिनिटाचा एक प्रयोग करून पाहा. जेवणाच्या टेबलाची साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला लावून ठेवा. तिच्यावर मधोमध बसा, पाय जमिनीवर सपाट ठेवा, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर आडवे घ्या. आता पूर्ण उभे राहा आणि परत बसा. ३० सेकंदांत असे किती वेळा जमते ते मोजा. तोल जाण्याची भीती असेल तर कोणाला तरी शेजारी उभे करा. उठताना हात टेकावे लागले तर गुण शून्य.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ज्येष्ठांसाठी याच चाचणीचे आकडे दिले आहेत. खालच्या आकड्यापेक्षा कमी वेळा जमत असेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात:

६० ते ६४ वर्षे: पुरुष १४, स्त्रिया १२
६५ ते ६९ वर्षे: पुरुष १२, स्त्रिया ११
७० ते ७४ वर्षे: पुरुष १२, स्त्रिया १०
७५ ते ७९ वर्षे: पुरुष ११, स्त्रिया १०
८० ते ८४ वर्षे: पुरुष १०, स्त्रिया ९

आकडा कमी आला की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य येते, "आता वय झालं, गुडघे गेले." गुडघे झिजतात हे खरे. पण पुष्कळदा गुडघ्यांच्या आधी मांडीचे स्नायू गेलेले असतात, आणि ते परत मिळवता येतात. या लेखात तेच सांगायचे आहे.

स्नायू जातात म्हणजे काय होते?

वयाबरोबर स्नायू आणि त्यांची ताकद घटणे याला 'सारकोपेनिया' म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर घटते.

ताकद आधी का जाते, हे समजण्यासाठी स्नायूंची रचना पाहू. स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू थोडा जोर लावतात, पण तासन्‌तास दमत नाहीत. उभे राहणे, रमतगमत चालणे ही त्यांची कामे. जलद तंतू झटक्यात मोठा जोर लावतात आणि लवकर थकतात. जिना चढणे, जड पिशवी उचलणे, ठेच लागल्यावर पटकन पाय पुढे टाकून सावरणे ही कामे त्यांची.

प्रत्येक तंतूला मज्जारज्जूतल्या एका चेतापेशीकडून हुकूम मिळतो. एक चेतापेशी अनेक तंतू सांभाळते. वय वाढते तशा काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. त्यांतल्या काहींना शेजारची चेतापेशी दत्तक घेते, बाकीचे सुकून जातात. यात जलद तंतूंचे नुकसान अधिक होते. म्हणून सत्तरीतला माणूस बागेत तासभर चालू शकतो, पण गालिच्याच्या कडेला पाय अडकला तर सावरू शकत नाही. सावरायला लागणारा जोर आणि वेग देणारे तंतूच कमी झालेले असतात.

"मी रोज चालतो की!"

चालणे उत्तमच. हृदय, रक्तदाब, साखर, मन, सगळ्यांना त्याचा फायदा होतो. पण मेंदू कामाला लागेल तेवढेच तंतू बोलावतो. आधी लहान चेतापेशी आणि त्यांचे मंद तंतू पुढे येतात. ओझे वाढले तरच मोठ्या चेतापेशी आणि जलद तंतू कामाला लागतात. सपाट रस्त्यावरच्या आरामशीर फेरीत त्यांची पाळीच येत नाही, आणि जो तंतू वापरला जात नाही तो बारीक होत जातो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात फक्त चालणे नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम, आणि ६५ च्या पुढे किमान तीन दिवस तोल व ताकद यांचा एकत्र व्यायाम, असे त्यात सांगितले आहे. आपल्यातले बहुतेक जण पहिला भाग करतात आणि उरलेले दोन सोडून देतात.

वय किती आणि बसणे किती?

१९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले आणि शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते हे आधी व नंतर मोजले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावले. ते आता पन्नाशीत होते, वजनेही वाढली होती. तरी तीस वर्षांत झालेली घट ही विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झालेल्या घटीपेक्षा कमी निघाली! शिवाय सहा महिन्यांच्या नियमित व्यायामाने ती वयाची घट भरूनही निघाली.

हा प्रयोग दमाबद्दलचा होता. स्नायूंचे काय? साठी उलटलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले. वय आपले काम करतेच, पण आपण वयाच्या खात्यावर लिहितो त्यातले बरेचसे बसून राहण्याचे असते.

नव्वदीतले पाय

मग उलट दिशेने जाता येते का? याचे उत्तर १९९० मध्ये बॉस्टनच्या डॉ. मारिया फियातारोनी आणि सहकाऱ्यांनी दिले. वृद्धांच्या शुश्रूषागृहातल्या अशक्त माणसांना, ज्यांचे सरासरी वय ९० होते, त्यांनी आठवड्यातून तीनदा मांडीच्या स्नायूंचा, चांगले वजन लावून व्यायाम दिला. आठ आठवड्यांत त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. मांडीतल्या स्नायूंचा आकार ९ टक्क्यांनी वाढला. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबवल्यावर मात्र चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली.

१९९४ मध्ये याच गटाने १०० जणांवर मोठा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसते पौष्टिक पेय घेणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. महागडी पावडर आणून ती सोफ्यावर बसून पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या शरीराची जादा अडचण

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. त्यामुळे मुळात कमी असलेली ही पुंजी आणखी घटली तर पडण्याबरोबर मधुमेहाचाही धोका वाढतो.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा

हा भाग आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे. गावी आई दिवसातून दोनदा जिना उतरते, मंडईतून पिशवी आणते, पूजेला पाटावर बसते आणि उठते. त्याला ती व्यायाम म्हणत नाही, पण तो व्यायामच असतो. इथे आल्यावर दुकान गाडीने, बाहेर थंडी किंवा कडक ऊन, देवघर उंचीवर, आणि आपले प्रेमाचे वाक्य, "तू बस आई, मी करते." सहा महिन्यांनी विमानतळावर चाकाची खुर्ची मागवावी लागते आणि आपण म्हणतो, "या वेळी आई फारच थकली."

पडू नये म्हणून बसवून ठेवले, की पाय आणखी अशक्त होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. जपायचेच तर न्हाणीघरात धरायला दांडा लावा, सुटे गालिचे काढा, रात्रीचा दिवा लावा, चश्मा तपासा. पण काम काढून घेऊ नका.

काय करायचे?

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, २० ते २५ मिनिटे पुरतात.

१. खुर्चीवरून ऊठबस: ८ ते १० वेळा, थोडे थांबून पुन्हा तेवढेच. सुरुवातीला हाताचा आधार चालेल. बसताना धपकन बसू नका, तीन अंक मोजत बसा. सोपे झाले की पिठाची पिशवी छातीशी धरा.
२. भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर दूर उभे राहून. नंतर ओट्यावर हात टेकून.
३. ओट्याला धरून टाचा उचलणे: १० ते १५ वेळा.
४. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन घरातल्या घरात फेऱ्या.
५. तोल: ओट्याजवळ एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. नंतर एका पावलाला दुसरे पाऊल चिकटवत सरळ रेषेत चालणे.

जोर किती असावा? शेवटच्या दोन वेळा कष्टाने जमाव्यात, एवढा. दहाही वेळा गप्पा मारत होत असतील तर वजन वाढवायची वेळ झाली. जोर लावताना श्वास रोखू नका, उठताना सोडा.

दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणे ठीक. छातीत दुखणे, चक्कर, सांध्यात तीव्र कळ किंवा सूज आली तर थांबा आणि डॉक्टरांना भेटा. हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल तर सुरुवातच विचारून करा. झिजलेल्या गुडघ्यांनाही मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम सांगतात, म्हणून "गुडघे दुखतात" हे कारण चालणार नाही.

ताटात काय हवे?

वय वाढल्यावर स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात, म्हणून ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञ सुचवतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. एका अंड्यात सुमारे ६, कपभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरात १८ ग्रॅम मिळतात. पातळ आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त, आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. सकाळी चहा-बिस्किटे आणि सगळी प्रथिने रात्री, असे न करता प्रत्येक जेवणात थोडी थोडी विभागा. उत्तरेकडच्या देशांत सावळ्या त्वचेला हिवाळ्यात 'ड' जीवनसत्त्व कमी पडते, तेही तपासून घ्या.

आज मोजलेला आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. आई-बाबा आले असतील तर त्यांचाही लिहा, शेजारी आपला. तीन महिन्यांनी पुन्हा खुर्ची भिंतीला लावा आणि मोजा. आणि पुढच्या वेळी आई ओट्याशी उभी राहिली तर तिला बसायला सांगू नका. तिच्या शेजारी उभे राहा.